मैदानावरचा दिवा कोणाच्या पैशाने?

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी आयोग नेमला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आयोगाच्या अहवालातील वर्णभेदाविषयीचे निष्कर्ष जगभर गाजले. त्या मानाने अहवालातील एक भाग दुर्लक्षित राहिला. दंगलग्रस्त वस्त्यांतील लोकांच्या नेमक्या तक्रारी काय, याची आयोगाने तीव्रतेनुसार वर्गवारी केली होती. पहिल्या वर्गात पोलिसांची वागणूक, बेकारी आणि राहण्याच्या जागांची दुरवस्था या तीन गोष्टी होत्या. दुसऱ्या वर्गात अपुरे शिक्षण आणि दाद न देणारी राज्ययंत्रणा यांच्या जोडीला आयोगाने आणखी एक तक्रार नोंदविली: खेळण्याच्या व करमणुकीच्या सोयींचा आणि कार्यक्रमांचा अभाव.

गंभीर प्रकृतीच्या वाचकाला ही नोंद चमत्कारिक वाटेल. बेकारी आणि पोलिसी जुलूम यांच्या यादीत पोहण्याचा तलाव आणि बास्केटबॉलचे मैदान यांना स्थान मिळावे, ही अमेरिकन सुखवस्तूपणाची खूण आहे असेही कोणी म्हणेल. परंतु ऑगस्टच्या उकाड्यात दोन खोल्यांत सात माणसे राहत असतील, दाराबाहेर डांबराचा रस्ता असेल आणि सार्वजनिक तलाव असलाच तर तो दुसऱ्या वर्णाच्या वस्तीत असेल, तर संध्याकाळी पोराने जायचे कोठे, हा प्रश्न चैनीचा राहत नाही. फावला वेळ श्रीमंताला विकत घेता येतो. गरिबाचा फावला वेळ सार्वजनिक जागेत जातो. आणि सार्वजनिक जागा म्हटली की तिच्यामागे जमीन, कर, मतदान आणि अंदाजपत्रक ही सारी आली.

हे कसे घडते याचा अभ्यास करावयाचा तर लॉस एंजलिस काउंटीसारखे उदाहरण दुसरे नाही. काउंटी हा शब्द मराठी वाचकाला इंग्लंडमधील क्रिकेटमुळे परिचित आहे. अमेरिकेत मात्र काउंटी म्हणजे, ढोबळ मानाने, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी यांचे एकत्रित रूप. लॉस एंजलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी. तिच्या हद्दीत लॉस एंजलिस धरून ८८ स्वतंत्र शहरे आहेत. परंतु सुमारे दहा लाख लोक अशा भागांत राहतात की जे कोणत्याच शहरात मोडत नाहीत. त्यांना नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाही. त्यांच्या रस्त्यावरचा दिवा, त्यांचे वाचनालय, त्यांच्या वृद्धांचे दुपारचे जेवण, मुलांचा पोहण्याचा वर्ग आणि शनिवारच्या संध्याकाळी उद्यानात पडद्यावर दाखवला जाणारा चित्रपट, हे सारे काउंटीच करते. तिचा कारभार निवडून आलेले पाच सदस्य पाहतात. म्हणजे एका सदस्यामागे वीस लाख लोक! मंडळाची सदस्यसंख्या नऊ करण्यास मतदारांनी २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. तिची अंमलबजावणी व्हावयाची आहे. जगप्रसिद्ध ‘हॉलिवूड बोल’ हे खुले नाट्यगृह या काउंटीच्याच मालकीचे आहे, आणि वॉट्समधील बास्केटबॉलचे मैदानही. एकाच मालकाच्या या दोन मालमत्तांमध्ये जे अंतर आहे, तोच या विषयाचा गाभा.

अमेरिकेत सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ १८८५ च्या सुमारास बोस्टनमध्ये वाळूच्या ढिगापासून सुरू झाली. बर्लिनच्या बागांत मुलांसाठी असे ढीग ठेवीत. ते पाहून आलेल्यांनी ती कल्पना तेथे रुजविली. कारखानदारीच्या शहरांत आलेल्या स्थलांतरितांची मुले रस्त्यावर वाढत होती, आणि त्यांना खेळायला जागा व खेळविणारे मोठे माणूस मिळाले पाहिजे, असे समाजसेवकांचे म्हणणे होते. लॉस एंजलिस शहराने १९०४ मध्ये क्रीडांगणांसाठी स्वतंत्र नगरपालिका विभाग स्थापन केला. अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिलाच. सुरुवात चांगली झाली. पण शहर वाढत गेले ते जमिनीच्या दलालांच्या हिशेबाने. १९२०-३० या दशकात ते इतक्या वेगाने फुगले की खुद्द तेथील व्यापारी मंडळालाच चिंता वाटू लागली. त्यांनी ओल्मस्टेड बंधू आणि बार्थोलोम्यू या नामवंत नियोजनकारांकडून साऱ्या परिसराचा आराखडा करून घेतला. १९३० मध्ये तयार झालेल्या या आराखड्यात नद्यांच्या काठांनी हरितपट्टे, समुद्रकिनाऱ्यांचे सार्वजनिकीकरण आणि वस्तीवस्तीत क्रीडांगणे यांची तपशीलवार योजना होती. ती फडताळात गेली. खर्च मोठा होता, मंदी आली होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आराखड्यात सुचविलेल्या अधिकारसंपन्न उद्यानमंडळाच्या हाती एवढी सत्ता देण्यास तो मागविणारे व्यापारीच राजी नव्हते. मुंबई-पुण्याच्या विकास आराखड्यांतील क्रीडांगणांच्या आरक्षणांचे पुढे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

जी उद्याने झाली तीही सर्वांची नव्हती. काउंटीतील पॅसडीना शहराने १९१४ मध्ये ब्रुकसाइड येथे पोहण्याचा मोठा तलाव उघडला. काळे, मेक्सिकन आणि आशियाई नागरिक यांना तेथे आठवड्यातून एक दिवस प्रवेश असे. त्या दिवसाला ‘आंतरराष्ट्रीय दिन’ असे भारदस्त नाव दिलेले होते. तो संपला की तलाव रिकामा करून, धुऊन नव्याने भरीत. विटाळाची कल्पना ही केवळ हिंदुस्थानची मिरासदारी नव्हे, हे या एका प्रथेवरून लक्षात यावे.

मॅनहॅटन बीच येथील प्रकरण तर याहून बोलके आहे. विला आणि चार्ल्स ब्रूस या काळ्या दांपत्याने १९१२ मध्ये तेथे समुद्राकाठी जागा घेऊन आपल्या समाजासाठी विश्रामगृह चालू केले. काळ्या कुटुंबांना समुद्रस्नान करता येईल अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. साहजिकच गर्दी होऊ लागली. शेजाऱ्यांनी छळ आरंभिला. अखेर १९२४ मध्ये शहराने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला. कारण दिले ते सार्वजनिक उद्यानाचे! ब्रूस कुटुंबाच्या हाती साडेचौदा हजार डॉलर पडले आणि पुढे कित्येक दशके ती जागा मोकळीच राहिली. ती कालांतराने राज्याकडे व नंतर काउंटीकडे आली. २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायद्यातील अडसर दूर केला आणि २०२२ मध्ये काउंटीने ती जमीन ब्रूस यांच्या वारसांना परत केली. वारसांनी २०२३ मध्ये ती सुमारे दोन कोटी डॉलरना काउंटीलाच विकली. सार्वजनिक करमणुकीच्या नावाखाली लोकांची करमणूक हिरावून घेता येते, हे या प्रकरणाने दाखविले. अन्यायाचे परिमार्जन शंभर वर्षांनी झाले. ते जमीन शिल्लक होती म्हणून. बहुतेक अन्यायांच्या बाबतीत जमीनही शिल्लक राहत नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स पेटले. सहा दिवसांत चौतीस माणसे मेली. कर्नर आयोगाने दोन वर्षांनी जे लिहिले त्याची ही पूर्वपीठिका. त्या काळात वॉट्समध्ये टेड वॉटकिन्स नावाचा मोटार कामगारांच्या संघटनेतील एक कार्यकर्ता पुढे आला. त्याने संघटनेच्या मदतीने वस्तीतील श्रमिकांची कृतिसमिती उभारली. घरे, रोजगार, दवाखाना यांच्या बरोबरीने रिकाम्या जागांवर छोटी उद्याने करण्याचे काम तिने हाती घेतले. पुढे काउंटीने तेथील मोठ्या उद्यानाला त्याचे नाव दिले. वरून आलेल्या योजनांपेक्षा अशी कामे टिकतात, कारण त्यांत मैदानाची चावी कोणाकडे असते हे गल्लीतील पोरालाही ठाऊक असते.

त्याच १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाने एक दूरदर्शी वाटणारा कायदा केला. क्विम्बी कायदा म्हणून तो ओळखला जातो. जमिनीचे तुकडे पाडून नवी वसाहत बांधणाऱ्या बिल्डरने उद्यानासाठी जागा किंवा तिची किंमत द्यावी, असे शहरांना व काउंट्यांना त्याने म्हणता येऊ लागले. तत्त्व निर्दोष होते. परिणाम मात्र एकांगी झाला. नव्या वसाहती होतात त्या शहराच्या कडेला, डोंगरउतारावर, ज्यांना नवे घर परवडते त्यांच्यासाठी. जेथे १९२० सालीच शेवटचा तुकडा बांधून झाला होता, त्या दाट जुन्या वस्त्यांत ना नवी वसाहत, ना बिल्डर, ना उद्यान. ज्यांच्या घरामागे आधीच हिरवळ होती त्यांना सार्वजनिक हिरवळही मिळाली.

यानंतर १९७८ साल उजाडले, आणि कॅलिफोर्नियातील स्थानिक कारभाराचे पूर्वीचे आणि नंतरचे असे दोन भाग पाडणारी घटना घडली. ६ जून रोजी मतदारांनी तेरावा प्रस्ताव सुमारे पासष्ट टक्के मतांनी मंजूर केला. त्याचे सूत्रधार हॉवर्ड जार्व्हिस यांना केवळ धनिकांचे हस्तक म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. सत्तरच्या दशकात तेथे घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि किमतीच्या प्रमाणात घरपट्टीही चढत होती. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात निवृत्तिवेतनावर राहणारे जोडपे आपण विकलेल्याही नसलेल्या घराच्या वाढीव किमतीवर कर भरीत होते. राज्य सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडून होती आणि विधिमंडळ चर्चा करीत बसले होते. अशा वेळी लोकांनी कुऱ्हाड उचलली तर आश्चर्य नाही. प्रश्न कुऱ्हाड कोठे पडली याचा आहे.

घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्याहून अधिक असू नये. मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर नेऊन ठेवावे. ते दरसाल दोन टक्क्यांहून अधिक वाढवू नये. घर विकले जाईल तेव्हाच नव्याने आकारणी करावी. आणि विशिष्ट कामासाठी नवा स्थानिक कर बसवावयाचा तर दोन-तृतीयांश मतदारांची संमती हवी, अशी ही व्यवस्था होती. एका वर्षात घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. एकाच गल्लीत शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांवर, एक जुन्या मालकाचे व दुसरे नव्या मालकाचे म्हणून, कितीतरी पट भिन्न कर बसू लागला. ही विषमता १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही घटनाबाह्य ठरविली नाही.

काउंटीच्या अंदाजपत्रकात काही खर्च कायद्याने बांधलेले असतात. तुरुंग, न्यायालये, गरिबांचे दवाखाने यांना हात लावता येत नाही. अग्निशमन दल आणि पोलीस यांना लावण्याची कोणाची छाती नसते. उरतात वाचनालये आणि उद्याने. त्यामुळे कात्री लागली ती तेथे. कर्मचारी कमी झाले, केंद्रे लवकर बंद होऊ लागली, आणि जे वर्ग पूर्वी मोफत किंवा नाममात्र दरात होते त्यांना शुल्क आले. शुल्क हा शब्द निरुपद्रवी आहे. जो वापरील त्याने भरावे, यात वरवर पाहता अन्यायही दिसत नाही. पण त्यामुळे सार्वजनिक करमणुकीचे स्वरूपच पालटले. ज्या वस्तीतील पालक शुल्क भरू शकत होते तेथील केंद्रे स्वतःच्या पायावर उभी राहिली. तेथे मातीकाम, टेनिस, नृत्य, जलतरण असे वर्ग वाढले, पालकांनी देणगीदारांची मंडळे काढली, गणवेश आले, चषक आले. ज्या वस्तीत शुल्क भरणारे नव्हते तेथे उरले एक मैदान आणि त्याला एक कुलूप. दोन्ही ठिकाणच्या पाट्यांवर काउंटीचे बोधचिन्ह एकच होते.

ज्यांच्याकडून शुल्क मिळत नाही त्यांच्यासाठी खर्च करावयाचा तर त्याला दुसरे समर्थन शोधावे लागते. ते सापडले गुन्हेगारीत. त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत झाला. तेथील ग्लेनार्डन या लहान शहराचे व्यवस्थापक जी. व्हॅन स्टँडिफर यांच्या ध्यानात आले की तरुणांचे गुन्हे रात्री दहा ते दोनच्या दरम्यान वाढतात. त्यांनी १९८६ मध्ये त्याच वेळात सतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांसाठी बास्केटबॉलचे सामने भरविले. सामन्याला पोलीस हजर असत. ही ‘मध्यरात्रीची बास्केटबॉल’ इतकी लोकप्रिय झाली की १९९१ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी तिचा गौरव केला. तीनच वर्षांनी, क्लिंटन यांच्या गुन्हेगारीविरोधी विधेयकात अशा सामन्यांसाठी अल्पशी तरतूद आली तेव्हा, त्याच पक्षाने ती उधळपट्टीचे प्रतीक म्हणून चव्हाट्यावर आणली. सुमारे तीस अब्ज डॉलरच्या विधेयकातील ती रक्कम चार कोटींची होती. वाद मात्र साऱ्या विधेयकाला पुरून उरेल एवढा झाला. राजकारणातील स्मृती अल्पजीवी असते हे तर यात दिसतेच.

पण विरोधकांच्या टीकेत एक सत्याचा कण होता आणि समर्थकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. चेंडू खेळविल्याने गुन्हे कमी होतात हे सिद्ध करून दाखवा, असा आग्रह एकदा मान्य केला की खेळ पोलीस खात्याच्या ताळेबंदात जातो. गुन्हे वाढले की खेळ निष्फळ ठरतो. कमी झाले की अनावश्यक. शिवाय यातील अपमान लहान नाही. सधन उपनगरातील मुलगा टेनिस शिकतो तेव्हा तो पुढे दरोडेखोर होऊ नये म्हणून शिकतो असे कोणी म्हणत नाही. तो खेळतो कारण तो मुलगा आहे. वॉट्समधील मुलाला तेवढेच कारण पुरत नाही. त्याला आपल्या खेळाची किंमत समाजाच्या सुरक्षिततेत चुकवावी लागते. कर्नर आयोगापुढे लोकांनी जी तक्रार मांडली होती ती खेळायला मिळत नाही अशी होती. आम्हांला खेळवून शांत ठेवा, असे त्यांपैकी कोणी म्हटले नव्हते.

याच कचाट्यात लॉस एंजलिस काउंटीचा ‘पार्क्स आफ्टर डार्क’ हा उपक्रम सापडलेला आहे. तरीही त्याचे मोल कमी नाही. त्याआधी, २००८ मध्ये, लॉस एंजलिस शहराने टोळीयुद्धांनी ग्रासलेल्या आठ उद्यानांत उन्हाळी रात्री दिवे चालू ठेवण्याचा प्रयोग केला होता. काउंटीने २०१० मध्ये रूझवेल्ट, वॉटकिन्स आणि पामेला या तीन उद्यानांत आपला उपक्रम सुरू केला व पुढे तो अनेक उद्यानांत नेला. कल्पना साधी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी, एरवी अंधार पडताच ओस पडणारे उद्यान रात्री दहापर्यंत उघडे ठेवायचे. तलावात पोहणे, मैदानावर सामने, पडद्यावर चित्रपट, गाणेबजावणे, मुलांना खाणे, आणि एका बाजूला आरोग्यतपासणीची, नोकरीविषयक माहितीची आणि कायदेविषयक सल्ल्याची टेबले. शेरीफचे शिपाई गस्त घालतात, आणि गस्तीबरोबर मुलांशी चेंडूही खेळतात. यापैकी काहीही मोफत नसते तर चालले नसते.

या उपक्रमाच्या निधीचा एक भाग अल्पवयीनांची गुन्हेगारी रोखण्यासाठी असलेल्या तरतुदीतून येतो. म्हणजे ज्याविषयी वर आक्षेप घेतला तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संशोधकांनी या उपक्रमाचे वेळोवेळी मूल्यमापन केले आहे. आलेले लोक समाधानी असतात आणि उद्यानात सुरक्षित वाटते असे सांगतात. यात नवल नाही. रात्री आठ वाजता उद्यानात आजी, नातू आणि शेजारीण बसलेली असतील तर तेथे वेगळ्या सुरक्षिततेची गरज कमी भासते. परंतु या आजीबाई सरकारी अहवालात गुन्हेगारी-प्रतिबंधाच्या रकान्यात मोजल्या जातात, हे तिला कोणी सांगितले तर तिला काय वाटेल, हा प्रश्न प्रश्नावलीत नसतो. तेवढ्यावरून उपक्रम बंद करावा असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. पैसा ज्या वाटेने येईल त्या वाटेने आणणे हे प्रशासकाचे कामच आहे. वाट वाकडी का झाली, हे सांगणे दुसऱ्या कोणाचे तरी काम असले पाहिजे.

वाट सरळ करण्याचाही प्रयत्न झाला, आणि त्याचा इतिहास लोकशाहीच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. काउंटीतील उद्यानांसाठी १९९२ व १९९६ मध्ये मंजूर झालेल्या आकारणीची मुदत संपत आली तेव्हा २०१४ मध्ये मतदारांपुढे नवा ठराव ठेवण्यात आला: प्रत्येक भूखंडामागे वर्षाला सरसकट २३ डॉलर. शंभरांत सुमारे बासष्ट मतदारांनी त्याला होकार दिला आणि ठराव फेटाळला गेला! १९७८ च्या त्या दोन-तृतीयांशाच्या अटीचा हा प्रताप. बासष्टांची इच्छा अडतिसांच्या नकारापुढे हरते ही गणिती गंमत नव्हे. ती एका पिढीने पुढच्या पिढीला घातलेली बेडी आहे.

काउंटीने हार मानली नाही, आणि गृहपाठ केला, ही उल्लेखनीय गोष्ट. साऱ्या काउंटीचे १८८ विभाग पाडून कोणत्या विभागात किती उद्याने, ती कोणत्या अवस्थेत, आणि लोकांना चालत जाता येतील इतकी जवळ आहेत का, याची पाहणी झाली. विभागाविभागांत सभा घेऊन तुम्हांला काय हवे असे रहिवाशांनाच विचारण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार काउंटीत दर हजार माणसांमागे सरासरी ३.३ एकर उद्यान होते. सरासरी नेहमीप्रमाणे लबाड होती. सर्वाधिक गरजेच्या विभागांत हजारांमागे एक एकरही भरत नव्हते. आणि काउंटीतील निम्म्याहून अधिक लोक ‘अधिक’ किंवा ‘अत्यधिक’ गरज असलेल्या विभागांत राहत होते. हे नकाशे हाती आल्यावर वाद भावनेचा उरला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा ठराव आला. या वेळी कर सरसकट नव्हता. बांधकामाच्या दर चौरस फुटाला दीड सेंट असा होता. झोपडीवजा घराला आणि प्रचंड गोदामाला सारखेच २३ डॉलर, ही आधीच्या ठरावातील उणीव त्यात दूर झाली होती, आणि गरजेच्या विभागांसाठी वेगळा वाटा राखून ठेवलेला होता. सुमारे पंचाहत्तर टक्के मतदारांनी त्याला मान्यता दिली. एका चौरस फुटाला दीड सेंट म्हणजे हजार चौरस फुटांच्या घराला वर्षाला पंधरा डॉलर. करमणुकीसाठी कर द्यायला लोक तयार नसतात, हे विधान त्या दिवशी पूर्वीइतके ठाम राहिले नाही.

पैसा मंजूर झाला म्हणून जमीन निर्माण होत नाही. दाट वस्तीत उद्यान करावयाचे तर शाळेचे अंगण संध्याकाळी उघडावे लागते, विजेच्या तारांखालची पट्टी मागावी लागते, पुराच्या पाण्याच्या सिमेंटच्या कालव्याचा काठ वापरावा लागतो. शाळेचे अंगण उघडायचे म्हटले की फाटकाची जबाबदारी कोणाची, मूल पडले तर भरपाई कोणी द्यायची, झाडलोट कोणाची, असे प्रश्न निघतात. ते क्षुल्लक नाहीत. शाळा मंडळ आणि काउंटी या दोन स्वतंत्र संस्था आहेत आणि दोघींचे वकील जागरूक असतात. आणि नवे मैदान बांधण्यास निधी मिळणे जितके सोपे, तितके ते रोज उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळणे अवघड. फीत कापता येते ती इमारतीची. पहारेकऱ्याच्या आणि पोहणे शिकविणाऱ्या मुलीच्या नेमणुकीची कापता येत नाही. क्रीडांगणाच्या चळवळीच्या आरंभी बोस्टनमध्ये वाळूच्या ढिगाजवळ एक प्रौढ बाई बसविलेली असे. वाळू स्वस्त होती. खर्च होता तो त्या बाईंचा. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हिशेब तोच आहे.

या साऱ्या व्यवस्थेची अनपेक्षित परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये झाली. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आल्टडीना हे गाव कोणत्याही शहरात मोडत नाही. काउंटी हीच त्याची नगरपालिका. शेजारच्या पॅसडीनातील अनेक भागांत काळ्यांना घरे मिळत नसत, त्या काळानंतर येथे कष्टाने घर घेतलेल्या काळ्या मध्यमवर्गीयांची मोठी वस्ती झाली होती. ७ जानेवारीच्या रात्री वादळी वाऱ्यांत ईटन दरीत पेटलेली आग गावात शिरली आणि नऊ हजारांहून अधिक बांधकामे जळाली. फार्न्सवर्थ उद्यानातील जुने सभागृह गेले, दरीच्या तोंडाशी असलेले निसर्गकेंद्र गेले. वाचला तो देवदारांचा रस्ता. १८८५ मध्ये लावलेल्या या हिमालयी वृक्षांवर आल्टडीनाचे रहिवासी १९२० पासून नाताळात दिवे लावीत आले आहेत. ना तिकीट, ना प्रायोजक, शिडीवर चढणारे शेजारी आणि तारा सांभाळणारे स्वयंसेवक.

लोक परत कशासाठी येतील, हा प्रश्न आगीनंतर काउंटीपुढे होता. विम्याचे दावे अडलेले, मातीत विषारी राख, जमिनी स्वस्तात घेऊ पाहणारे दलाल दारात. अशा वेळी उद्यानाकडे पाहायला सवड कोणाला, असे म्हणता आले असते. काउंटीने मात्र लोमा आल्टा हे गावातील उद्यान आधी हाती घेतले. ‘पार्क्स आफ्टर डार्क’चे कार्यक्रम जेथे होत असत त्यांपैकीच हे एक. दुरुस्ती होऊन, मुलांसाठी नवी खेळणी बसवून ते मे २०२५ मध्ये खुले झाले. तेव्हा आसपासच्या भूखंडांवरचा जळका राडारोडा उचलण्याचे काम चालूच होते, आणि घरे गमावलेली कितीतरी कुटुंबे दूरदूरच्या भाड्याच्या जागांत राहत होती. त्यांच्या मुलांना मैदानावर भेटण्यासाठी गाडीतून यावे लागले.